उमाबाई बांधावर

उमाबाईंना रोह्यात येऊन अठरा दिवस झाले होते, आणि त्या अठरा दिवसांत लिसू एक शब्दही खोटं बोलली नव्हती, एवढं हेन्नीला मान्य करावं लागलं असतं. पोरगी फक्त निवडून बोलत होती.

उमाबाई म्हणजे हेन्नीची सासू, कॉर्नेलिया. हेन्नीची आठ वर्षांची मुलगी लिसू तिला डच रिवाजाप्रमाणे ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण विमलबाईंनी पहिल्याच दिवशी ते ‘उमा’ असं ऐकलं, पुढे बाई लावलं, आणि संध्याकाळपर्यंत वाउटरसाहेबांच्या आई उमाबाई हॉलंडहून आल्याची बातमी सगळ्या आळीत झाली. कॉर्नेलियाला वाटलं, इकडे म्हाताऱ्या बायकांना असंच म्हणत असावेत. तिला खरं सांगायचं तर ते लिसूनं सांगायला हवं होतं, कारण दोन्ही भाषा घडाघडा येणारी घरात ती एकटीच. वाउटरला तीन वर्षं धाटावच्या रंगाच्या कंपनीत काढूनही ‘पाणी’, ‘चालू’, ‘बंद’ आणि ‘उद्या’ यापलीकडे मराठी आलं नव्हतं. हेन्नीला कळत सगळं होतं. बोलताना मात्र ती अडखळे, आणि अडखळणाऱ्या माणसाला दुभाष्याचं काम कोणी देत नाही.

“हिला विचार,” कॉर्नेलिया एकदा विमलबाईंकडे बोट करून म्हणाली होती, “ही बाई न सांगता दिवसातून चार वेळा वर कशाला येते?”

“मावशी, ओमा विचारते, तुम्ही आज परत याल ना?” लिसूनं विचारलं.

विमलबाई खूश झाल्या आणि पाचव्यांदा आल्या, थालीपीठ घेऊन.

हेन्नी दाराआड उभी राहून ऐकत होती. तिनं पोरीला दटावायला हवं होतं. पण थालीपीठ गरम होतं, सासू ते मुकाट्यानं खात होती आणि घरात अर्धा तास शांतता होती. तेव्हापासून हेन्नी या कटात सामील होती.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या महिन्यात हेन्नी रोज रडायची. नळाला पाणी येण्याची वेळ पाळायची, वीज गेली की स्टोव्ह पेटवायचा, कुंडलिकेच्या पुलाकडच्या बाजारात माशावरची माशी उडवत भाव करायचा. यातलं काहीच तिला जमत नव्हतं. विमलबाईंनी हाताला धरून एकेक गोष्ट शिकवली. गावात इंग्रजी शाळा नव्हती म्हणून लिसूला मराठी शाळेत घातलं, तेही विमलबाईंच्याच आग्रहानं. आता पोरगी पाढे मराठीत म्हणायची, भांडायची मराठीत आणि झोपेत बडबडायचीही मराठीतच.

हेच कॉर्नेलियाला खटकत होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं लिसूला डचमध्ये अर्धं पान लिहायला लावलं, ते चष्मा लावून वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या रात्री जेवताना ती इतकंच म्हणाली, “मिडेलबुर्गला माझ्या घराजवळची शाळा फार चांगली आहे.” वाउटरला लगेच कंपनीतलं काहीतरी आठवलं. शाळेचा विषय निघाला की त्याच्या प्लँटमध्ये हमखास काहीतरी बिघडत असे.

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जनूच्या बहिणीचा साखरपुडा होता. जनू कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर, पेणच्या खाडीकडचा. त्याचा वडिलोपार्जित धंदा खाऱ्या जमिनीतल्या भाताचा. पण एक शिफ्ट कंपनीत केली की घराला आधार, म्हणून तो धाटावला आला होता. “साहेब, पूर्ण घर आलं पाहिजे,” त्यानं निक्षून सांगितलं. विमलबाईंना वेगळं आमंत्रण नव्हतं. त्यांनी स्वतःला पूर्ण घरात धरलं आणि नारायणपेठी नेसून जीपमध्ये सर्वांआधी जाऊन बसल्या.

नागोठणं, गडब करत जीप पेणला पोचली आणि तिथून खाडीच्या बाजूला वळली. रस्ता संपला, मातीची वाट लागली. दोन्ही बाजूंना सपाट जमीन; कापलेलं भात ओळीनं पसरलेलं, आणि लांबवर एक बुटकी, सरळ रेघ.

कॉर्नेलिया इतका वेळ डुलक्या देत होती. ती एकदम ताठ बसली. “ते काय आहे?” तिनं विचारलं.

“बांध,” लिसू म्हणाली. “पलीकडे खाडी आहे. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून.”

“ते मला दिसतंय,” म्हातारी म्हणाली. नंतर घर येईपर्यंत ती त्या रेघेकडेच बघत राहिली.

जनूची आई धोंडुबाई दारातच उभी होती. काष्ट्याचं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि वयानं कॉर्नेलियाच्याच आगेमागे. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“म्हातारी कडक दिसतंय गो,” धोंडुबाई सुनेला म्हणाली. “हसाचं नावच नाय.”

“काय म्हणाली?” कॉर्नेलियानं विचारलं.

“तुझी तब्येत चांगली दिसते म्हणाली,” लिसू म्हणाली.

“तिला सांग, एवढ्या लहान घरात एवढी माणसं बोलावणं शहाणपणाचं नाही.”

“आजी, ओमा म्हणते, तुमच्याकडे किती माणसं आली.”

“आली तर,” धोंडुबाई म्हणाली. “अजून वीस यायचीत.”

साखरपुडा बेताचा झाला. मुलाकडची माणसं धरमतरकडची होती. मुलगा नवीन टेरिलीनची पँट घालून इतका अवघडून बसला होता, की त्याला मांडी घालताना दोघांनी मदत केली. जनूची बहीण पुतळी मान खाली घालून आली, साडी घेऊन गेली, नवी साडी नेसून परत आली. तिनं एकदाही वर पाहिलं नाही, आणि तरीही आत गेल्यावर मैत्रिणींना मुलाच्या पँटचा रंग, चपलांचा अंगठा आणि कानामागचा तीळ, सगळं सांगितलं.

मग पानं वाढली. मानाच्या पाहुण्याला जिताड्याचं डोकं, असा त्या घरचा रिवाज. धोंडुबाईनं ते स्वतःच्या हातानं कॉर्नेलियाच्या पानात ठेवलं. हॉलंडमधल्या झीलंडच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या बाईला माशाचं भय नव्हतं. तिनं बोटांनी गालाचा तुकडा काढला, खाल्ला, डोळ्यांतलं पाणी पुसलं.

“चांगल्या माशाचा यांनी तिखटानं जीव घेतला,” ती म्हणाली. “लोण्यात परतायचा असतो हा.”

सगळं घर लिसूकडे बघत होतं.

“ओमा म्हणते, मासा फार चांगला आहे. आणि असं कालवण तिनं जन्मात खाल्लं नाय.”

विमलबाईंनी भात कालवता कालवता हेन्नीकडे पाहिलं. “उमाबाई बोलल्या चार शब्द, पोरीनं सांगितले दहा,” त्या हळूच म्हणाल्या. “डच भाषा फारच आटोपशीर दिसते.” हेन्नीनं हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. वाउटर आपल्या पानातले काटे मोजल्यासारखा खाली बघत जेवत होता.

धोंडुबाई कालवणाच्या कौतुकानं सुखावली. ती कॉर्नेलियाच्या समोरच बसली. “सांग तिला, फागुनात पुतळीचं लगीन हाय. तवर ऱ्हा म्हनावं. न्हायतर परत ये.”

लिसूनं ते जसंच्या तसं सांगितलं. यात तिला काही बदलावंसं वाटलं नाही.

कॉर्नेलियानं हात रुमालाला पुसले. “तिचे आभार मान. पण मी येऊ शकणार नाही, आणि तूही नसशील इथे. नाताळनंतर तू माझ्याकडच्या शाळेत जाणार आहेस. वाउटरनं सप्टेंबरमध्येच शाळेला होकार कळवलाय. पुढच्या गुरुवारी आपण दोघी निघतोय.”

दोन्ही भाषा लिसूपाशी होत्या आणि त्यांतला एकही शब्द सापडत नव्हता.

“काय म्हनते?” धोंडुबाईनं विचारलं.

पोरीनं आईकडे पाहिलं. हेन्नीनं नवऱ्याकडे पाहिलं. शाळेबद्दल बोलणं होणार, वाद होणार, हे तिला ठाऊक होतं. होकार आधीच गेलाय, हे ठाऊक नव्हतं. वाउटरचे कान लाल झाले होते. लग्नानंतरच्या दहा वर्षांत ते तिनं तीनदाच लाल झालेले पाहिले होते आणि तिन्ही वेळा तो खरोखरच दोषी होता.

“सप्टेंबरमध्ये?” तिनं विचारलं.

“मी सांगणार होतो,” वाउटर म्हणाला. “आईचं पत्र आलं, तेव्हा तू तापानं पडली होतीस. मग तू बरी झालीस, तेव्हा—”

“तेव्हा मी आनंदात होते म्हणून नाही सांगितलंस.”

“हो,” तो म्हणाला. तो खोटं बोलत नसे. लिसूनं हा गुण त्याच्याकडूनच घेतला होता.

विमलबाईंना डच येत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण त्यांना कुठल्याही भाषेत कळे. त्यांनी पानावरून हात उचलला आणि लिसूला जवळ ओढून घेतलं.

तेवढ्यात अंगणात जनूचा चुलतभाऊ कान्हू धापा टाकत आला. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. “काकी, उघाडीच्या उजव्या अंगाला बांध गलतंय. कुर्ल्यांनी पार पोखरलाय. हाताएवढी धार हाय, आनि पानी अजून चढतंय.”

कोणी ओरडलं नाही. पुरुष पानावरून उठले, हात न धुताच निघाले. बायकांनी पदर खोचले. कापलेलं सगळं भात अजून शेतात पडलेलं होतं. ते तर जाईलच, पण एकदा खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं दाणा धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मुलाकडची माणसंही उठली. नवरदेवानं क्षणभर पँटकडे पाहिलं, मग ती मांड्यांपर्यंत गुंडाळली आणि धावत सुटला. पुतळीनं आज पहिल्यांदा मान वर केली.

“काय झालं?” कॉर्नेलियानं विचारलं.

“बांधाला भोक पडलंय,” हेन्नी म्हणाली.

म्हातारीनं बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट घातले आणि ते भिंतीशी ठेवले. मग ती चालायला लागली. हेन्नी तिच्यामागून धावली. अठरा दिवस गुडघेदुखीची तक्रार करणारी बाई शेताच्या वरंब्यावरून अशी चालत होती, की लिसूला पळावं लागत होतं.

उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, उजवीकडे बांधाच्या आतल्या उतारात खेकड्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी उसळत होतं. बाहेर खाडी काठोकाठ भरली होती. माणसांची रांग लागलीच होती. आतल्या खाचरातून चिखलाचे गोळे कापून हातोहात वर जात होते, कोणी पेंढ्याचे भारे आणत होतं, जनू आणि कान्हू बाहेरच्या बाजूनं कमरेइतक्या पाण्यात उतरून बांबू ठोकत होते.

कॉर्नेलिया बांधावर चढली, दोन्हीकडे वाकून पाहिलं. “त्यांना सांग,” ती लिसूला म्हणाली, “आतून बुजवून उपयोग नाही. बाहेरून, पाण्याच्या अंगानं पेंढा दाबायचा, त्यावर माती. लवकर सांग. आणि या वेळी मी म्हणते तेच सांग.”

लिसू दचकली. हेन्नीही दचकली. म्हातारीला किती दिवसांपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

लिसूनं शब्दाला शब्द सांगितला. धोंडुबाई रांगेतच उभी होती. तिनं चिखलाचा गोळा पुढे दिला आणि मान न वळवता म्हणाली, “तिला म्हनावं, हे आमाला म्हाईत हाय. जनू तेच करतंय. बोलू नको, हात चालव.”

लिसूनं घाबरत घाबरत तेही शब्दाला शब्द सांगितलं.

कॉर्नेलिया हसली. रोह्यात आल्यापासून पहिल्यांदा. ती खाली उतरली आणि धोंडुबाईच्या शेजारी रांगेत उभी राहिली. तिच्या पलीकडे हेन्नी, मग विमलबाई, ज्यांनी नारायणपेठीचा ओचा कमरेला खोवून टाकला होता. वाउटर केव्हाच पाण्यात उतरला होता. आज त्याला ‘चालू’ आणि ‘बंद’ हे दोनच शब्द पुरे होते. हेन्नीच्या मनातला राग कुठे गेला नव्हता. पण चिखलाचा गोळा दहा शेर वजनाचा असतो, आणि तो हातात असताना माणसाला दुसरं काही धरून ठेवता येत नाही.

अडीचच्या सुमारास धार थांबली. मग पाणी उतरायला लागलं. जनू बाहेर आला, बांधावरच आडवा झाला. बायका उतारावर बसल्या. कोणीतरी कळशी आणली.

“तुज्या गावाला पन खारं पानी येतं का गो?” धोंडुबाईनं कॉर्नेलियाला विचारलं. लिसू दोघींच्या मध्ये बसली होती. आता तिनं बदलायचं सोडून दिलं होतं.

“येतं,” कॉर्नेलिया म्हणाली. “सव्वीस वर्षांपूर्वी बांध फुटला. माझा नवरा पोती भरायला बांधावर गेला. तो आला नाही. मी आणि हा,” तिनं वाउटरकडे हनुवटी केली, “दोन रात्री छपरावर होतो. दहा वर्षांचा होता.”

लिसूचा आवाज बारीक झाला, पण तिनं सगळं सांगितलं. ही गोष्ट तिनंही अशी कधी ऐकली नव्हती. धोंडुबाईनं विचारलं, “मंग पोराला घेऊन काय केलंस?”

“बहिणीकडे पाठवलं. लांब, कोरड्या गावात. चांगली शाळा होती. चार वर्षं. मी मागे राहिले. जमिनीतलं मीठ काढायचं होतं.” मग ती हेन्नीकडे बघून म्हणाली, “त्यानंच हा माणूस झाला. म्हणून मी पोरीसाठी आले. इथे पाणी, रसायनं, ताप. तुला वाटतं, मला तुझ्याकडून काही हिसकावून घ्यायचंय.”

धोंडुबाई तोवर वाउटरकडे वळली होती. मुलाच्या साहेबाला काय विचारावं, काय विचारू नये, हे तिच्या गावीही नव्हतं. “साहेब, मंग तिथं बरं होतं का तुमाला?”

लिसूनं बापाला विचारलं, “पप्पा, आजी विचारतेय, तिथे तुला बरं होतं का?”

प्लँट बारा-तेरा कोसांवर होता, आणि त्यात बिघडण्यासारखं आज काही नव्हतं. वाउटर पायाचा चिखल खरवडत राहिला. सगळ्या बांधाचं लक्ष त्याच्याकडे होतं.

“शाळा चांगली होती,” तो अखेर म्हणाला. “मावशीही चांगली होती. खिडकीतून बसचा थांबा दिसायचा. दर रविवारी मी तिथे बसायचो. आई तीनदा आली. तिसऱ्यांदा मी झोपल्याचं सोंग केलं.”

“माहीत आहे,” कॉर्नेलिया म्हणाली. “तुझ्या पापण्या हलत होत्या.”

“मग उठवलं का नाहीस?”

“बस परत निघणार होती. उठवलं असतं, तर मला निघता आलं नसतं.”

हे लिसूनं मराठीत सांगितलं नाही. धोंडुबाईनंही विचारलं नाही. तिनं कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन कॉर्नेलियाच्या हातांवर ओतलं आणि अंगठ्यानं तिच्या बोटांमधला चिखल काढू लागली. कॉर्नेलियानं हात पुढे धरून ठेवले. मग ती हेन्नीला म्हणाली, “पोरीचं डच भयंकर आहे.”

“माहीत आहे मला,” हेन्नी म्हणाली.

“मी फाल्गुनापर्यंत राहते. फाल्गुन केव्हा असतो?”

“मार्चमध्ये.”

“रोज सकाळी सात ते नऊ शिकवीन. रविवारीसुद्धा.”

इथे राहायला मिळणार या आनंदात लिसूनं उडी मारली होती. ती अर्ध्यावरच थबकली. “रविवारीसुद्धा?” तिनं विचारलं. विमलबाईंनी हेन्नीकडून सगळं समजून घेतलं आणि उमाबाईंचं म्हणणं अगदी रास्त असल्याचं जाहीर केलं.

परतताना कॉर्नेलिया धोंडुबाईचं धुवट लुगडं गुंडाळून जीपमध्ये बसली, कारण तिचा झगा चिखलानं ताठ झाला होता. गडबला चहासाठी गाडी थांबली. टपरीच्या बाकावर सगळे बसल्यावर हेन्नीनं जनूकडून गाडीच्या फेऱ्या लिहायची वही मागून घेतली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेनासकट नवऱ्यापुढे ठेवलं.

“शाळेला लिही.”

“इथे? आता?”

“आता. घरी गेलास की तुझा प्लँट बिघडेल.”

वाउटरनं तारीख घातली आणि लिहायला घेतलं. हेन्नी खांद्यावरून वाचत होती. ‘माननीय मुख्याध्यापक, माझ्या पत्नीनं व मी विचारांती असं ठरवलं आहे, की—’

“माझी पत्नी खोड,” हेन्नी म्हणाली.

“का? तुलाही हेच हवंय ना?”

“पहिल्या पत्रात मला घेतलं नव्हतंस. आता या पत्रात उगाच ओढू नकोस.”

त्यानं आईकडे पाहिलं. म्हातारी विमलबाईंचं बघून बशीतून चहा प्यायला शिकत होती. तिनं चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला. “तिचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “आणि विचारांती पण खोड. विचार केला असतास, तर हे पत्र लागलंच नसतं.”

वाउटरनं दोन्ही खोडलं. राहिलेल्या जागेत त्यानं लिहिलं की सप्टेंबरात आपण कोणालाही न विचारता होकार कळवला, ती आपली चूक झाली, आणि आपली मुलगी रोह्याच्या शाळेतच राहील. खाली एकट्याची सही केली. कान पुन्हा लाल झाले होते.

हेन्नीनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि ते घ्यायला पुढे आलेला त्याचा हात बाजूला सारून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

“पोस्टात मीच टाकते,” ती म्हणाली. मग जीपशी आल्यावर तिनं वाउटरला पुढे जनूशेजारी बसायला लावलं आणि स्वतः मागे, सासू आणि विमलबाईंच्या मध्ये, जागा करून घेतली.